कॅम्पेन सुचत नाही? या चुका टाळा

माझं पहिलं कॅम्पेन, म्हणजे टेबलाभोवती बसून डाइस टाकत खेळायच्या रोल-प्लेइंग गेमची अनेक बैठका चालणारी गोष्ट, लिहायला आठ महिने लागले. वहीत अख्ख्या खंडाचा नकाशा होता, सात राजघराण्यांच्या वंशावळी होत्या, देवदेवतांची यादी होती. नागपुरात धरमपेठेत मित्राच्या गच्चीवर चौघं डाइस घेऊन बसले, मी अर्धा तास या जगाचा इतिहास सांगितला. मग एकानं विचारलं, "हे सारं ठीक हाय बे, पण आमाले करायचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून नव्या गेम मास्टरला, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणाऱ्याला, मी पहिली गोष्ट हीच सांगतो, की जग नंतर, पेच आधी. कुणाला तरी काहीतरी हवंय, कुणीतरी आडवं आलंय आणि हातात वेळ थोडा आहे, एवढं जमलं की पहिलं सेशन, म्हणजे खेळाची पहिली बैठक, उभं राहतं.

चूक: सगळं जग एकदम बांधायला घेणं

१९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच खेळ छापून आला, पण त्याआधीच त्याचे एक निर्माते डेव्ह आर्नेसन आपल्या मित्रांना ब्लॅकमूर या स्वतःच्या काल्पनिक जगात खेळवत होते. ते जग एका किल्ल्यापासून आणि त्याच्या खालच्या तळघरांपासून वाढत गेलं. तुम्हीही एकच जागा घ्या.

नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकड्या बघा. नोव्हेंबर १८१७ मध्ये इथं नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज भिडले. आज दिसतो तो किल्ला लढाईनंतरचा, तेव्हा होत्या त्या दोन टेकड्या, एक मोठी, एक लहान. भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली आणि मोठीवर मारा सुरू झाला. टेबलावर मांडायला याहून सोपा नकाशा नाही: लहान टेकडी गेली की मोठी धोक्यात. पुढच्याच वर्षी कैदेत नेलं जात असताना आप्पासाहेब पहारेकऱ्यांना फितवून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. कोणता पहारेकरी फितेल, त्याला काय द्यावं लागेल, डोंगरात कोण थारा देईल? तीन प्रश्न, एक वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ, तयार.

चूक: न पाहिलेल्या गोष्टींतून जग रंगवणं

बर्फाळ खिंड आणि शेकोटीपाशी बसलेला सराईवाला हे सगळ्यांना पाठ असतं. ऐकताना कुणाच्या अंगावर काटा येत नाही, कारण ते कुणीच अनुभवलेलं नसतं. आपल्याकडे नवतपा आहे, मे अखेरीचे नऊ कडक उन्हाचे दिवस. दुपारी एकला सुनसान झालेला रस्ता, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, सावलीच्या पट्ट्यातून चालणारी माणसं. मी वाळवंटातल्या प्रवासाला साधा नियम लावला: भर उन्हात चाललात तर दर दोन तासांनी थकव्याची एक पायरी चढणार. खेळाडू आपोआप रात्री प्रवास करू लागले आणि रात्रीचे धोके मला शोधावे लागले नाहीत, त्यांनीच विचारले.

चूक: परंपरेला सजावट म्हणून वापरणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त खटकते, म्हणून जरा सविस्तर.

मारबत घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा गजर होतो, त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे बडगे, म्हणजे छोटे पुतळे, निघतात आणि शेवटी सगळं जाळलं जातं. यातलं फक्त बाह्य रूप उचललं, म्हणजे मिरवणुकीत एक प्रचंड पुतळा जिवंत होतो आणि सगळे तलवारी उपसतात, तर अर्ध्या तासात विषय संपतो.

आत काय आहे ते विचारा. भोसले घराण्यातल्या बांकाबाईंनी इंग्रजांना साथ दिली, त्याच्या निषेधात काळी मारबत सुरू झाली असं सांगितलं जातं. म्हणजे शहरानं एका माणसाचा पुतळा पिढ्यान्‌पिढ्या जाळायचं ठरवलं. कुणी ठरवलं? तिची बाजू कुणी ऐकली? या प्रश्नावर मी वेगळंच शहर उभं केलं. तिथं दरवर्षी एका माणसाच्या नावानं पुतळा जळतो आणि सकाळी ते नाव कुणालाच आठवत नाही. यंदा नाव निघालं ते एका खेळाडूच्या कॅरेक्टरच्या आजीचं. तलवार कुणीच काढली नाही. दोघं पुतळा बांधणाऱ्यांकडे गेले, एकाला आजीच्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी नाव घुसवायचं होतं, चौथीनं आजीलाच विचारलं की तू खरंच काय केलं होतंस. चार सेशन त्यावर चालली.

इथंच एक मर्यादा पाळा. लोक आजही ज्या देवांना पूजतात, त्यांना राक्षस बनवू नका; गोंडांच्या देवांना तर नाहीच. प्रश्न घ्या, नावं तुमची ठेवा. आणि पहिल्या खेळाआधी सगळ्यांना विचारून घ्या की कुणाला कोणता विषय टेबलावर नको आहे.

चूक: शेवट आधी लिहून ठेवणं

खेळाडू तुमच्या शेवटाकडे जात नाहीत. खलनायकाचा बेत लिहा, त्याला कुणी अडवलं नाही तर काय होईल ते लिहा, बाकी सोडा.

मधेच अडकलात तर

घरात बसून विचार करू नका, एखाद्या जागी जाऊन या. काटोल रस्त्यावर जुनापाणीला महापाषाण युगातली शिळावर्तुळं आहेत, काही दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगे दिसतात. जवळच्या माहुरझरीच्या अशाच वर्तुळांत घोड्यांचे अवशेष तांब्याच्या अलंकारांसह सापडले. घोड्याला सजवून पुरणारी माणसं कशी असतील? तिथं उभं राहून असे पाच प्रश्न वहीत लिहा, उत्तरं लिहू नका.

तरीही रहस्य पुढे सरकत नसेल, तर बहुतेक वेळा उलगड्याकडे नेणारा धागा एकच ठेवलेला असतो आणि तो खेळाडूंच्या नजरेतून सुटलेला असतो. प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीसाठी तीन वेगळे धागे पेरा, तीन वेगळ्या ठिकाणी.

आणि सेशन संपताना, वह्या बंद होण्याआधी विचारा, "पुढच्या वेळी कुठं जाणार?" जे उत्तर येईल तेवढंच आठवडाभर तयार करा.