जनावराच्या जखमेत आसडी (माशीच्या अळ्या) पडली तर

जनावर एकच जागा सारखी चाटतंय, पाय आपटतंय, जवळ गेल्यावर कुजका वास येतोय, तर खूर, शिंगाचं मूळ, शेपटीखालची जागा नीट बघा. वासराची नाळ तर रोज बघावीच. माशीने जखमेवर घातलेली अंडी साधारण एका दिवसात फुटतात आणि अळ्या थेट मांसात शिरतात. वरून बोटभर दिसणारं भोक आतून मुठीएवढं पोकळ असू शकतं.

जखमेभोवतीचे केस कापा. टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेला गॉजचा बोळा काही मिनिटं जखमेवर धरा. गुदमरलेल्या अळ्या शेपटाकडून वर येतात, तेव्हा चिमट्याने एकेक काढा. घाई करू नका, तुटलेला तुकडा आत राहिला की जखम पुन्हा चिघळते. मग पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुऊन जंतुनाशक मलम आणि कडेने माशा दूर ठेवणारं औषध लावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, लहान अळ्या हमखास राहिलेल्या असतात.

फिनाईल, पेट्रोल किंवा पिकावरचं कीटकनाशक जखमेत ओतू नका. निरोगी मांस जळतं, विषबाधाही होते. मुक्या जीवाचे नाहक हाल.

काढलेल्या अळ्या उकळत्या पाण्यात टाका. मातीत पडल्या की तिथेच कोष करून माशी होतात.

जखम डोळ्याजवळ, योनीत किंवा खोल असेल, जनावराने चारा सोडला असेल, तर पशुवैद्यकाला लगेच बोलवा. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही त्यांच्याच सल्ल्याने द्या, आणि दूध किती दिवस वापरायचं नाही ते विचारून घ्या.