'हॅमर' दिसला की 'हातोडा' लिहू नका

इंग्रजी बातम्या मराठीत आणायचं काम मी मुंबईत वीस वर्षं करतोय. 'हॅमर' या एका शब्दाने जेवढा घोळ घातलाय, तेवढा फार थोड्या शब्दांनी घातला असेल.

सगळ्यात महागात पडते ती लिलावाची चूक. इंग्रजीत एखादी वस्तू हॅमरखाली जाते म्हणजे तिचा लिलाव होतो. बोली संपली की पुकारा करणारा लाकडी हातोडी आपटतो, त्यावरून. पण मुंबईत 'हातोडा पडला' म्हटलं की पालिकेचं पथक आलं आणि बांधकाम पाडलं, एवढंच डोळ्यांसमोर येतं. मी नवखा असताना दादरच्या एका जुन्या इमारतीची बातमी आली. थकलेल्या कर्जापोटी तिचा लिलाव होणार होता. सोबतच्या मुलाने घाईत मथळा दिला, 'दादरच्या इमारतीवर सोमवारी हातोडा'. पानं सोडायची वेळ झाली होती. मीही नजर टाकली नाही. सकाळी नऊपासून फोन सुरू. एक आजी रडत विचारत होत्या, "अहो, मी सामान कुठे हलवू? चार दिवस तरी द्या." त्यांना समजावताना माझाच आवाज फुटेना. दुसऱ्या दिवशी खुलासा छापला, पण त्यांची ती रात्र तर गेलीच.

तेव्हापासून हॅमर दिसला की मी हात थांबवतो आणि विचारतो: हा कोणाच्या हातात आहे, आणि कशावर पडतोय? मोबाइलवर वाक्य टाकून आलेलं उत्तर चिकटवणाऱ्यांना हे दहा सेकंद जड जातात.

दलाल स्ट्रीटच्या बातम्यांत तर अर्थ उलटाच होतो. भावाच्या आलेखात चढउतार दाखवणारी मेणबत्तीसारखी खूण म्हणजे कँडल. त्यातली 'हॅमर' कँडल म्हणजे वर छोटं अंग आणि खाली लांब दांडा. भाव पडत असताना ती दिसली, तर घसरण थांबून बाजार वर वळण्याची शक्यता धरतात. तिथे 'बाजारावर हातोडा' लिहिलंत, तर वाचणारा घाबरून शेअर विकायला धावेल. इथे 'हॅमर'च ठेवा. शेअर 'हॅमर झाले' असेल, तर 'जोरदार आपटले'.

करार हॅमर करून काढला, तर 'घासाघीस करून ठरवला'. बंदुकीचा हॅमर म्हणजे घोडा. बोटाने ओढतात तो चाप. मध्यकर्णातली तीन हाडं हातोडी, ऐरण आणि रिकीब. शाळेच्या पुस्तकात आहेत, नवी नावं घडवू नका. हातोडाफेकीच्या बातमीला सुताराच्या हातोडीचं चित्र लावू नका. तिथे तारेला जोडलेला धातूचा गोळा असतो, पुरुषांसाठी 7.26 किलोचा आणि महिलांसाठी 4 किलोचा. निकालाच्या बातमीतही हातोडी नको. आपल्या कोर्टात न्यायाधीश ती आपटत नाहीत. आणि लालबाग-परळच्या वाचकासमोर तरी भाकपचं, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचं, निवडणूक चिन्ह विळा-हातोडा लिहू नका. ते विळा-कणीस. विळा, हातोडा आणि तारा माकपचा, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा.

अवजारांच्या बाबतीत तर आळसाला सबबच नाही. खिळे ठोकते ती हातोडी, दगड फोडतो तो घण, पटाशीवर मारायची लाकडी ती मोगरी. घणावरूनच 'घणाघाती' भाषण आलं, म्हणून 'हातोडीसारखं भाषण' वाचलं की मला वाईट वाटतं. शंका आली की मी नागदेवी स्ट्रीटवरच्या अवजारांच्या बाजारात जातो आणि दुकानदाराला वस्तू दाखवून विचारतो, "याला तुम्ही काय म्हणता?" तो सांगेल तेच लिहितो.