आधी चाकाचे नट, मग इंजिन: शिकाऊ मेकॅनिकचं पहिलं वर्ष

डीलरशिपच्या वर्कशॉपमध्ये नवीन आलेलं प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात मला विचारतं, "ताई, इंजिन कधी उघडायला मिळणार?" मी शिकाऊ होते तेव्हा माझ्या मेस्त्रींना मीही हेच विचारलं होतं. त्यांनी माझ्या हातात टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोराला कसला की 'कट' असा आवाज देणारा पाना) दिला आणि बेवर, म्हणजे दुरुस्तीच्या जागेवर, उभ्या असलेल्या गाडीची चारही चाकं काढून परत बसवायला लावली. झाली की पुन्हा काढ. दिवसभर तेच. संध्याकाळी रडू यायचं बाकी होतं. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी तेच काम देते, कारण वर्कशॉपमध्ये तुमच्या हातावर भरवसा बसतो तो साध्या कामांमुळे. ऑइल, ब्रेक, चाकं. ही कामं दहाव्या गाडीला जशी केलीत तशीच हजाराव्या गाडीला केलीत, की मेस्त्री आपणहून पुढचं काम देतात.

चाक

चाक काढल्यावर आधी हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बघायचा. जिथे चाक टेकतं तिथे गंज किंवा माती असेल तर वायर ब्रशने साफ करायची. मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला, तर कसताना नट घट्ट लागतात, पण गाडी चालल्यावर तो पापुद्रा चुरतो आणि नट ढिले पडतात. नट आधी हाताने लावायचे, निदान तीन-चार आटे. हाताने फिरत नसेल तर आटा तिरका लागलाय. काढा आणि पुन्हा लावा. तिथे नट कसायची गन लावली की स्टडचे, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या बोल्टचे, आटे गेलेच म्हणून समजा.

पाच नट असतील तर एक सोडून एक, चांदणी काढतो तसे, सगळे हलके कसून घ्यायचे. मग गाडी खाली घेऊन टायर जमिनीला टेकले की टॉर्क रेंच. बऱ्याच कारचा आकडा ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण 'आसपास'वर काम करायचं नाही. त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जो असेल तोच लावायचा. रेंच सावकाश, एका ओढीत ओढायचा आणि 'कट' झालं की थांबायचं. खात्रीसाठी परत परत कट-कट करत बसलात, तर नट दर वेळी थोडा जास्त कसला जातो. आट्यांना ऑइल लावायचं नाही. घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला स्टडवर बराच जास्त ताण येतो. टॉर्क रेंचने नट सोडवायचे नाहीत. काम झालं की त्याचं सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, नाहीतर आतली स्प्रिंग दमते आणि पुढच्या माणसाला चुकीचा आकडा मिळतो.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. पुढच्या डाव्या चाकाचे तीन नट टॉर्कला कसले होते, तेवढ्यात शेजारच्या बेवरून काहीतरी धरायला हाक आली. परत आले ती थेट उजव्या चाकाला लागले. ट्रायल घेऊन आल्यावर मेस्त्रींनी नेहमीप्रमाणे चारही चाकांवर रेंच फिरवला, आणि डाव्या चाकाचे दोन नट 'कट' व्हायच्या आधी पाव फेरा फिरले. मी शेजारीच उभी होते. तो पाव फेरा मला अजून दिसतो. ते एवढंच म्हणाले, "कामातून मध्येच उठलीस, तर परत आल्यावर पहिल्या नटापासून सुरू कर. कुठवर आले होते ते आठवत बसू नकोस." तेव्हापासून हा माझा नियम आहे, आणि कसलेल्या प्रत्येक नटावर मी पेंट मार्करची रेघ ओढते. कुणी हाक मारली तर "दोन मिनिटं, नट लावतेय" असं बिनदिक्कत सांगायचं. कुठलाही चांगला मेस्त्री त्याचा राग धरत नाही.

गाडी वर घेताना

लिफ्टचे हात कुठे लावायचे याच्या जागा कंपनीने ठरवून दिलेल्या असतात. नवीन मॉडेल आलं की आधी मॅन्युअलमधलं चित्र बघायचं, मग खाली वाकून चारही पॅड डोळ्यांनी बघायचे. गाडी टायर सुटण्याइतकी, वीतभर उचलायची आणि थांबायचं. बंपरला धरून हलवून बघायची. डुलली तर खाली घेऊन पुन्हा लावायची. व्यवस्थित असेल तर हव्या त्या उंचीपर्यंत न्यायची आणि लॉकवर बसवायची. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर गाडीचा तोल बदलतो, म्हणून मागच्या बाजूला आधार लावतात. हे काम पहिल्या वर्षी फक्त बघायचं.

अंगठी, घड्याळ, कडं घरी ठेवून यायचं. बॅटरीच्या प्लसवर पाना असताना तुमची अंगठी बॉडीला टेकली, तर ती क्षणात तापून लाल होते. याच कारणासाठी बॅटरी काढताना आधी मायनस काढतात आणि लावताना मायनस शेवटी लावतात. वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला वाईट, वर्षानुवर्षं लागत राहिलं तर कॅन्सरचा धोका असतो. नायट्रिलचे हातमोजे घालायचे. ऑइलने भिजलेलं फडकं खिशात ठेवायची सवय अनेकांना असते, ती लावूनच घ्यायची नाही.

ऑइल बदलणं

हे काम तुमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणार, म्हणून ते नीट सांगते. इंजिन कोमट असताना ऑइल पातळ असतं आणि मळ घेऊन उतरतं. उकळत्या इंजिनखाली हात घालायचा नाही. ड्रेन प्लग शेवटच्या आट्यावर आला की त्याला आत दाबत फिरवायचा आणि एकदम बाजूला घ्यायचा, म्हणजे मनगटावर धार येत नाही. ऑइल निथळत असताना त्याकडे बघा. दोन बोटांत चोळून बघा. बारीक चमक दिसली, दुधट रंग दिसला, तर प्लग लावायच्या आधी मेस्त्रींना बोलवा. चमक म्हणजे आत धातू झिजतोय. दुधट म्हणजे ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळलंय.

प्लगला नवा वॉशर लावायचा. जुना वॉशर एकदा दबलेला असतो, तो पुन्हा दबून तितकं सील करत नाही. मग गळती थांबवायला माणूस प्लग जास्त कसतो आणि अॅल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे जातात. दोन मिनिटांच्या आळशीपणाला अख्खा चेंबर बदलावा लागतो.

फिल्टर काढल्यावर जुना रबरी गॅस्केट फिल्टरबरोबर आलाय का, हे बोट फिरवून बघायचं. तो इंजिनलाच चिकटून राहिला आणि त्यावर तुम्ही नवा फिल्टर चढवला, तर दोन रबर एकमेकांवर बसतात. इंजिन सुरू होऊन प्रेशर आलं की ते रबर सटकतं आणि सगळं ऑइल जमिनीवर. नव्या फिल्टरच्या रबरावर ऑइलचं बोट फिरवायचं, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवायचा, आणि मग फिल्टरवर लिहिलेलं असेल तेवढा, बहुधा पाऊण फेरा. पाना लावायचा तो फक्त फिल्टर काढताना.

ऑइल भरताना मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी ओतायचं, इंजिन सुरू करून खाली टॉर्च मारून गळती बघायची, बंद करून पाचेक मिनिटं थांबायचं आणि मग डिपस्टिक. दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर कधीच नको.

ब्रेकला अंदाज चालत नाही

ब्रेक लागतो तेव्हा चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात. नव्या पॅडचं अस्तर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतं. २-३ मिलिमीटरवर आलं की बदलायची वेळ. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड मोजायचे, कारण कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन जाम असेल तर एकच बाजू झिजते आणि बाहेरून बघणाऱ्याला पॅड छान दिसतो. डिस्कची कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते; आत्ताची जाडी मायक्रोमीटरने मोजून जॉब कार्डवर लिहायची.

नवे पॅड बसवायला कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या डब्यावर नजर ठेवा, पातळी वर येते आणि सांडलं तर गाडीचा रंग जातो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा, ते कोरडं असताना, उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस हवा असतो, पाणी मुरलेल्याला तो १५५पर्यंत उतरलेला चालतो. म्हणून जुनं ऑइल उतारावर उकळतं आणि पॅडल पोकळ जातं. उघडी राहिलेली बाटली पुढच्या गाडीला वापरायची नाही. पॅड बदलून झाले की गाडी हलवायच्या आधी पॅडल घट्ट होईपर्यंत दाबायचं. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. मी माझ्या शिकाऊ मुलांना स्टिअरिंगवर चिकटपट्टी लावायला सांगते: 'पॅडल दाबलं का?' दाबल्यावरच ती काढायची.

स्कॅनर जागा सांगतो, पार्ट नाही

एकदा एक गाडी आली, चेक इंजिनचा दिवा लागलेला, आयडलिंगला थरथरत होती. माझ्या हाताखालच्या मुलाने स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, कोड आला पी ०३०१, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. त्याने लगेच पार्टच्या खिडकीवर जाऊन इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट) मागितला. मी त्याला परत बोलावलं. "कॉइलच गेलाय हे तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला, "ताई, कोडने." कोडने फक्त सिलिंडर सांगितला होता. मग इंजिन बंद करून आम्ही एक नंबरचा कॉइल तीन नंबरला लावला आणि तीनचा एकला. कोड पुसला, गाडी चालवली. या वेळी पी ०३०३ आला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच. तोच पार्ट बदलायचा होता, पण आता तो का बदलायचा हे त्या मुलाला माहीत होतं. कोड पहिल्याच सिलिंडरवर राहिला असता तर पुढे स्पार्क प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, अशा क्रमाने गेलो असतो.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर पहिल्या सहा महिन्यांत हातात बसला पाहिजे. थांबलेल्या, भरलेल्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७. गाडी जड स्टार्ट होतेय आणि बॅटरी नवी आहे, तर एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिन ब्लॉकला लावून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर करंट अर्थिंगच्या वायरमध्ये अडतोय. वायरची टोकं घासून बघा.

नारिंगी वायरला मात्र हात लावायचा नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये त्या वायरमध्ये शेकडो व्होल्ट असतात. त्याचं ट्रेनिंग झालेल्या माणसानेच ते काम करायचं. पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा समजायचा आणि विचारल्याशिवाय काढायचा नाही.

जॉब कार्ड

डीलरशिप आणि बाहेरचं गॅरेज यांच्यात शिकाऊला सगळ्यात आधी जाणवणारा फरक हा कागदाचा. गाडीवर तुम्ही काय केलं हे तुमच्यामागे जॉब कार्डवर ग्राहकाशी बोलणारा अॅडव्हायझर वाचतो, वॉरंटीवाले वाचतात, सहा महिन्यांनी दुसरा मेकॅनिक वाचतो. तीन गोष्टी हव्यात: ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, सापडलेलं कारण मोजमापासह, आणि केलेलं काम. 'ब्रेक चेक केले, ओके' याला काही अर्थ नाही. 'पुढचे पॅड आत ४, बाहेर ६ मिलिमीटर, पिन साफ करून ग्रीस लावलं' याला आहे. वॉरंटीत काढलेला पार्ट टॅग लावून ठेवायचा. पार्ट मागवताना १७ अक्षर-आकड्यांचा चासी नंबर बघून मागवायचा. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, त्यामुळे गोल दिसलं तर ते शून्यच.

प्रत्येक कामाला ठरलेला वेळ असतो. पहिल्या वर्षी त्याच्यामागे धावू नका. मेस्त्री ४० मिनिटांत करतात ते तुम्हाला दीड तास लागेल, लागू दे. वही ठेवा, रोज घरी जाऊन त्या दिवशीचे दोन आकडे आणि एक चूक लिहा. हत्यारं हळूहळू जमवा: ८, १०, १२, १३, १४, १७, १९चे सॉकेट आणि रिंग पाने आधी. उसनं घेतलेलं हत्यार पुसून, त्याच दिवशी परत.

मला इंजिन उघडायला मिळालं ते चौदाव्या महिन्यात, टायमिंग चेनचं कव्हर. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून मी पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढलं, भोकं पाडली आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचला. मेस्त्री आले. कव्हरकडे बघितलंच नाही, पुठ्ठा उचलला, बोल्ट मोजले. पंधरा भोकं, पंधरा बोल्ट. पुठ्ठा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "काढ कव्हर."