खेळाडू कथेतून उठून का जातो? गेम घडवताना या चुका टाळा

गेममधील कथा फसली की दोष बहुधा लेखकाच्या माथी मारला जातो आणि संवाद नव्याने लिहायला घेतले जातात. प्रत्यक्षात अनेकदा संवाद बरे असतात. खेळाडूच्या हातांना दिलेले काम आणि त्याच्या कानांवर घातलेली गोष्ट यांचा मेळ बसलेला नसतो. अशा वेळी खेळाडू हातांवर विश्वास ठेवतो. म्हणून संवादांना हात लावण्यापूर्वी पुढील चुका तपासून पाहाव्यात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कथेने एक सांगणे आणि खेळाच्या नियमांनी भलतेच करायला लावणे. २००७ साली ‘बायोशॉक’ या गेमविषयी लिहिताना गेम-डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी या विसंगतीला ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असे नाव दिले. शब्द जड असला तरी दुखणे साधे आहे. ‘फॉलआउट ४’ (२०१५) मध्ये खेळाडूच्या डोळ्यांदेखत जोडीदाराचा खून होतो आणि तान्हे बाळ पळवले जाते. कथेनुसार आता जिवाच्या आकांताने शोध सुरू व्हायला हवा. पण गेमला वस्त्या उभारून घेण्याची इतकी हौस आहे की खेळाडू पडक्या घरांतून जुने टेबलफॅन आणि टाइपरायटर गोळा करून त्यांचे स्क्रू काढत तासन्‌तास हिंडतो आणि बाळाचे काहीही बिघडत नाही. अशा वेळी कथेतील घाई तरी कमी करावी, नाहीतर वेळेला नियमांतच किंमत द्यावी.

‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) मध्ये लुकास पोप यांनी दुसरा मार्ग निवडला. खेळाडू सीमेवरचा तपासनीस आहे. जितक्या माणसांची कागदपत्रे दिवसभरात बरोबर तपासली जातील तितके पैसे, आणि रात्री त्यांतूनच घरभाडे, अन्न, ऊब, औषध. एके दिवशी कागदपत्रे नीट असलेला एक माणूस पुढे जाताना ‘मागून बायको येते आहे, तिच्याशी दयेने वागा’ अशी विनवणी करतो. तिच्याकडे मात्र प्रवेशपरवाना नसतो. तिला आत सोडले की यंत्रातून चूक झाल्याची चिठ्ठी खडखडत बाहेर येते. करुण संगीत नाही, डोळ्यांतील पाणी नाही. शिक्का कोणता मारायचा एवढाच प्रश्न आहे, आणि तो खेळाडूच्या हातात आहे.

दुसरी चूक ऐन मोक्याच्या क्षणी खेळाडूच्या हातून सूत्रे काढून घेण्याची. ‘हाफ-लाइफ २’ (२००४) च्या सुरुवातीला रेल्वे स्थानकावरचा एक शिपाई रिकामा डबा मुद्दाम खाली पाडतो आणि तो उचलून कचरापेटीत टाकायला फर्मावतो. डबा टाकला तर तो हसून वाट देतो. त्याच्याच अंगावर भिरकावला तर दंडुका घेऊन मागे लागतो. वस्तू कशी उचलायची हे खेळाडू शिकतो आणि अपमानही गिळतो, दोन्ही एकाच बटणावर. चित्रफीत दाखवून हे साधले नसते. याचा अर्थ चित्रफिती वर्ज्य आहेत असा नव्हे: पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ (२०२०) मध्ये पूर्वकथेसाठी छायाबाहुल्यांची शैली वापरली, आणि कोकणातल्या पिंगुळी गावच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्या कोणालाही ती परकी वाटणार नाही. जे आधीच घडून गेले ते दाखवावे. जे आता घडते आहे ते खेळू द्यावे.

पहिल्या दहा मिनिटांत राज्यांचा इतिहास आणि घराण्यांची नावे ओतू नयेत, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. तरीही ते घडतेच.

मराठीत गेम करणाऱ्यांपुढे एक वेगळीच अडचण असते. युनिटी या गेम घडवण्याच्या सॉफ्टवेअरमधील टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या साधनात देवनागरी मजकूर जसाच्या तसा टाकला, तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांत विखुरतात. ‘किल्ला’ हा शब्द तर दोन्हीकडून मार खातो. ज्या शिलालेखापाशी खेळाडूने थबकावे, तिथे तो हसतो. अक्षरजुळणी करणारी वेगळी सोय जोडावी, किंवा काम नव्यानेच सुरू होत असेल तर गोडो ४ या गेम घडवण्याच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा विचार करावा, कारण अशा लिप्यांची मांडणी त्यात अंगभूत आहे.

दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठी गेम पूर्वी न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्यावा, मागे खुर्ची टाकून बसावे आणि तोंड बंद ठेवावे. यांतले शेवटचे सर्वांत अवघड. संवाद वगळण्याचे बटण त्याने कधी दाबले आणि फोनकडे हात कधी गेला, त्या वेळा टिपाव्यात. संवाद वगळूनही तो न अडखळता पुढे गेला, तर ते संवाद काढून टाकता येतात. घुटमळला, तर महत्त्वाची माहिती चुकीच्या जागी ठेवली गेली आहे. खेळून झाल्यावर त्याला गोष्ट सांगायला लावावी. काही प्रसंग तो ‘मी तिला परत पाठवले’ असे सांगेल, काही ‘मग तो हिरो तिकडे जातो’ असे. दुरुस्ती या दुसऱ्या प्रकारच्या प्रसंगांपासून सुरू करावी.