पहिलं संगीत नाटक बघायला जाताना

नाट्यगृहात ध्वनिव्यवस्था सांभाळण्यात माझी उमर गेली. संगीत नाटकाचा प्रयोग असला की मी ड्यूटी मागून घ्यायचो. आता ओळखीतली तरुण मुलं विचारतात, "काका, सुरुवात कुठून करू?" त्यांना सांगतो तेच इथे लिहितो.

सुरुवात 'संशयकल्लोळ'पासून करा. देवलांचं हे नाटक 1916 सालचं, पण एका तसबिरीवरून उडालेला गोंधळ शाळकरी पोरालाही कळतो. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या अशी नक्षत्रांची आणि महिन्यांची नावं ऐकूनच मुलं खूश होतात. गाणं कळत नाही म्हणणाराही यात रमतो. त्यानंतर 'सौभद्र'. 'स्वयंवर' मात्र लगेच नको. त्यातल्या भास्करबुवा बखल्यांच्या रागदारी चाली पोटभर ऐकायला कान थोडा तयार लागतो.

तिकीट काढण्याआधी एकच गोष्ट विचारा: ऑर्गन-तबला प्रत्यक्ष आहे ना? साथ रेकॉर्ड केलेली असेल तर तो प्रयोग सोडा. का, ते सांगतो. गद्य संपत आलं की ऑर्गनवाला हळूच सूर धरतो. नट त्या सुरावर शेवटचं वाक्य टेकवतो आणि बोलता बोलता पद, म्हणजे नाटकातलं गाणं, सुरू होतं. एखाद्या दिवशी गळा लागला तर गायक तालाची दोन आवर्तनं (फेरे) जास्त घेतो, तबलजी त्याच्याकडे बघत ठेका धरून ठेवतो. रेकॉर्ड केलेली साथ थांबत नाही, गायकालाच तिच्यामागे धावावं लागतं. म्हणून जागाही साथीदारांचे हात दिसतील अशी घ्या. पाचव्या ते आठव्या रांगेत मला आवाज सगळ्यात नैसर्गिक वाटतो. अगदी पुढे स्पीकर कानावर येतो.

जाण्याआधी कथानक वाचून ठेवा. पदं पाठ करून जायची गरज नाही. जुनी ध्वनिमुद्रिका तीन-साडेतीन मिनिटांत संपते, त्यामुळे पद तेवढंच असतं असा समज होतो; प्रयोगात ते वाढू शकतं. पद कशासाठी आलंय हे मात्र आधी ठाऊक हवं. 'सौभद्र'मधलं 'प्रिये पहा' घ्या. कृष्ण रुक्मिणीला पहाट झालेली दाखवतोय, आणि चाल आहे देसकारात, म्हणजे सकाळच्याच रागात. 1882 साली हे नाटक आलं तेव्हा प्रयोग रात्र रात्र चालत. आज तीन-साडेतीन तासांत बसवायला पदं गाळतात, ते मला पटतं. 'प्रिये पहा' गाळलं तर पटत नाही.

माझं सगळ्यात आवडतं 'कट्यार काळजात घुसली'. दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकीबुवांचं संगीत, 1967 साल. यात एक जागा चुकवू नका. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन चालींत येतं: नाटकातले दोन प्रतिस्पर्धी गायक म्हणजे पंडितजी आणि खाँसाहेब; पंडितजींचं सालगवराळी रागात, ठेहरावाचं, खाँसाहेबांचं धानी रागात, चपळ, तानांनी भरलेलं. शब्द तेच, पण दोन घराण्यांचं भांडण कशावरून आहे ते त्या दोन चालींतच कळतं. खाँसाहेबांची तान वर जाण्याआधी गायक मान किंचित मागे नेऊन श्वास भरतो. त्याच क्षणी माझं बोट माइकचा आवाज जरासा खाली आणायचं, नाहीतर वरचा षड्ज (सा) फाटतो. तो श्वास बघायला शिका. पुढे काय येणार ते तुम्हाला गायकाबरोबरच कळेल.

तिसऱ्या घंटेच्या आत जागेवर बसा. नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीची प्रार्थना, बसून ऐकायची असते, जागा शोधत अंधारात चाचपडत नाही. 'शाकुंतला'ची 'पंचतुंड नररुंडमालधर' सगळी मंडळी एका सुरात उचलतात तेव्हा नाट्यगृह भरून जातं. माइक नसते तरी चाललं असतं असं मला दर वेळी वाटे.

वन्स मोर जरूर द्या, गायकाला तो हवा असतो. पण पदाची शेवटची सम (तालाची पहिली मात्रा) पडू द्या आणि पुढचं वाक्य सुरू होण्याआधी द्या. 'एकच प्याला'त सिंधू 'कशि या त्यजू पदाला' म्हणते तिथे मात्र गप्प बसा. तिथे तिला पुन्हा गायला लावणं म्हणजे प्रसंगाचे तुकडे करणं. आणि भरतवाक्य, म्हणजे शेवटचं पद, होईपर्यंत गाडी काढायला उठू नका. ऑर्गन-तबलावाल्यांना टाळ्या तेव्हाच मिळतात.