नंबर प्लेट लावताना एवढं बघा: एका रेडियमवाल्याचं सांगणं

सांगलीत माझं रेडियमचं दुकान आहे, पंचवीस वर्षं झाली. खोटं कशाला बोलू, २१४ चा 'राम' आणि ४१४१ चा 'दादा' मीही भरपूर केलेत. आता कोणी तसलं काही मागायला आलं की आधी चहा पाजतो, मग नकार देतो.

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट शोरूममधूनच लागून येते. त्याआधीची गाडी असेल तर बुकिंग तुम्हालाच करायचंय. महाराष्ट्रात पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती, नंतर ती वाढत गेली. त्या भरवशावर बसून राहिलेले माझे निम्मे गिऱ्हाईक आहेत.

बुकिंगला परिवहन विभागाच्या साइटवरूनच शिरा. आमच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्यानं नेटवर पहिली दिसली ती साइट उघडून पैसे भरले. प्लेट काही आली नाही. सरकारी साइटवर आपला आरटीओ निवडायचा, आमचा एमएच १०, की ती नेमलेल्या कंपनीच्या पानावर नेते. आरसी बुक हाताशी ठेवा, चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात. महाराष्ट्रातला ठरलेला दर दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५, वर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे स्कूटरचे ५३१.

सेंटरवर गेल्यावर घाई करू नका. प्लेट बसवायच्या आधी हातात घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा, कारण प्लेट गाडीला जखडणारं स्नॅप लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढं, वीस मिलिमीटरचं अशोकचक्र चमकलं पाहिजे. त्याच बाजूला खाली लेसरनं कोरलेला बारीक नंबर असतो. पुढच्या प्लेटचा वेगळा, मागच्या प्लेटचा वेगळा. लोक तो सारखा नाही म्हणून सेंटरवाल्याशी भांडतात. तो वेगळाच असतो.

दुचाकीचा पुढचा नंबर समोरून वाचता आला पाहिजे, म्हणजे हँडलला समांतर. पूर्वी मडगार्डच्या लांबीत, कडेनं वाचायचा नंबर असायचा, तो आता चालत नाही. मागच्या प्लेटचा दिवा मात्र कोणी बघतच नाही. टेललॅम्पच्या खालच्या अंगाला पारदर्शक काच असते, तिच्यातून पांढरा उजेड नंबरवर पडतो. रात्री पंधरा मीटरवरून, म्हणजे साधारण वीस पावलांवरून, नंबर वाचता आला पाहिजे. हौशी पोरं तिथं निळा एलईडी टाकतात, काहींची काच चिखलानंच बुजलेली असते. फडक्यानं पुसायचं काम आहे ते.

मापं माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून आहेत. दुचाकीच्या मागे अक्षरं ३५ मिलिमीटर उंच, आकडे ४०. पुढे दोन्ही ३०. कारला सगळं ६५, रेघेची जाडी १० आणि दोन अक्षरांत अंतरही १०. हे अंतर कमी केलं की लांबून ८ आणि 'बी' एकच दिसतात, हे मी स्वतः कापून बघितलंय. अक्षरं इंग्रजी आणि आकडेही इंग्रजीच. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण गाडी कर्नाटकात गेली की तिथल्या माणसालाही नंबर वाचता यायला हवा, आणि मिरज ओलांडलं की कर्नाटक काही लांब नाही.

रंगाचं थोडक्यात: खाजगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरं, टॅक्सी-टेम्पोला पिवळ्यावर काळी. इलेक्ट्रिकला हिरवी प्लेट, खाजगी असेल तर अक्षरं पांढरी, भाड्याची असेल तर पिवळी. कारच्या पुढच्या काचेवर स्टिकरही असतो, पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, डिझेलला केशरी. काच बदलली तर तोही नवा घ्यावा लागतो.

आणि दसऱ्याला झेंडूचा हार घाला की, फक्त नंबरवरून सोडू नका. लिंबू-मिरचीही जरा बाजूला बांधा.

'आईचा आशीर्वाद' लिहायचंच असेल तर प्लेट सोडा, टाकीवर टाकून देतो. वीस मिनिटं लागतात.