रोलरने गाडी रंगवायची असेल तर: इनॅमलचा डबा आणि तीन आठवड्यांचं घासकाम

पंधरा वर्षं उन्हात उभी राहिलेली छोटी गाडी. छत आणि बॉनेट फिकुटलेलं, दारांच्या तळाला गंज. पासिंग करून अजून पाच वर्षं चालवायची आहे, पण गॅरेजवाला पूर्ण गाडीच्या रंगाचा जो आकडा सांगतो, त्यात तशीच दुसरी गाडी येईल. हा उद्योग अशा गाडीसाठी आहे. साधारण चार-पाच हजारांच्या सामानात, कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन न वापरता, लोखंडी ग्रिलला लावतात तोच सिंथेटिक इनॅमल फोमच्या रोलरने गाडीवर चढवता येतो. नीट केलं तर चार हातांवरून बघणाऱ्याला ते रोलरचं काम आहे हे कळत नाही. घाई केली तर रस्त्याच्या पलीकडूनही कळतं.

आधी गाडीला खरंच रंग हवाय का, ते तपासा. पांढऱ्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) घेऊन बॉनेटचा वीतभर तुकडा घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला आणि खालून चमक आली, तर वरचा थर नुसता मेला आहे. कंपाउंड आणि पॉलिशवर भागेल. फडकं पांढरंच राहिलं आणि गाडीवर पापुद्रे सुटलेले दिसत असतील, तर वरचा पारदर्शक लॅकर गेला आहे. त्याला पॉलिशने काही होत नाही.

सिल्व्हर किंवा कोणताही मेटॅलिक रंग रोलरने करायच्या फंदात पडू नका. त्यातली अ‍ॅल्युमिनियमची चूर्ण रोलरच्या दिशेने झोपते आणि पट्टे दिसतात. पांढरा, लाल, काळा, निळा असे सपाट रंगच घ्या. पांढरा सगळ्यात सोपा, कारण चुका लपतात. काळ्यावर पत्र्याचा प्रत्येक पोचा आरशासारखा दिसतो. आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाका: इनॅमलवर उद्या गॅरेजात टूके (हार्डनर मिसळून मारायचा) किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला, तर त्यातलं जोरदार थिनर खालचा इनॅमल उचलतं आणि सुरकुत्या पडतात. म्हणजे पुढे कधी चांगला रंग करायचा झाला, तर हा सगळा खरवडून काढावा लागेल. म्हणूनच तीन वर्षांची गाडी अशी रंगवू नये.

तोच रंग परत लावणार असाल तर कागदपत्रांची भानगड नाही. रंग बदलणार असाल तर आरसीवर तशी नोंद हवी; पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत आधी विचारून मगच डबा फोडा. विमा कंपनीलाही कळवा. लष्करी हिरवा मात्र खाजगी गाडीला चालतच नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याला मनाई आहे.

पुण्यात यासाठी उत्तम काळ म्हणजे फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा. होळीच्या आत संपवा, नाहीतर धुळवडीला सोसायटीतली पोरं आपला हात लावून जातील. दिवाळीनंतरही चालतं, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी पत्र्यावर दव असतं. दहाशिवाय रोलर उचलू नका, आणि त्याआधी सुती फडक्याने गाडी कोरडी करा. एप्रिल-मेमध्ये पत्रा इतका तापतो की रंग पसरायच्या आतच ओढला जातो. पावसाळ्यात नाव काढू नका.

सामानासाठी रविवार पेठेतली बोहरी आळी बरी; लांबी (पोचे भरायची पुटी), वॉटर पेपर (ओला करून घासायचा कागद), कंपाउंड नाना पेठेतल्या ऑटोच्या दुकानांत मिळतं. लहान हॅचबॅकला इनॅमल अडीच लिटर लागतो. सगळे डबे एकाच बॅचचे घ्या आणि एका बादलीत एकत्र करा, नाहीतर डाव्या-उजव्या बाजूच्या छटेत फरक पडतो. मिनरल टर्पेंटाइन तीन लिटर, रेड ऑक्साइड प्रायमर एक लिटर, हार्डनरसह पॉलिएस्टर लांबी एक किलो, चार इंची फोम रोलरचे आठ-दहा रिफिल, आणि आठ रोल मास्किंग टेप. टेप ऑटोवाल्यांकडचाच घ्या, स्टेशनरीतला उन्हात डिंक सोडतो. भिंतीचा केसाळ रोलर चालत नाही. फोमचा एक तुकडा तासभर टर्पेंटाइनमध्ये बुडवून बघा. फुगून मऊ पडला तर ते रिफिल परत करा. कागद ८० आणि १२० नंबरचे सुके, २२० चे सहा, ४०० आणि ६०० चे दहा-दहा, १०००, १५०० आणि २००० चे सहा-सहा.

धुण्यापासून सुरुवात. भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा, वाळल्यावर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. पेट्रोलने पुसायची सवय असेल तर सोडा. आगीचा धोका आहेच. डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर रंग तिथून फाटतो आणि वाटाण्याएवढे गोल खड्डे पडतात. असा खड्डा पडला की वरून रंग भरून काही उपयोग नाही; वाळू द्या, घासा, पुसा, परत लावा. या तीन आठवड्यांत गाडी पुसायला येणाऱ्या माणसाला सुट्टी द्या.

वायपर, आरसे, लोगो निघतात तेवढे काढा. एचएसआरपी नंबरप्लेट काढू नका, तिची स्नॅपलॉक एकदा तोडली की परत बसत नाहीत, टेपने झाका.

गंज दिसतो त्याच्या दुप्पट पसरलेला असतो. तारेच्या ब्रशने आणि ८० च्या कागदाने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, आणि कडेच्या धडधाकट रंगावरही दोन बोटं जा. पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी प्रायमर, रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी तांबूस झाक येते. पोचे भरायची लांबी मात्र प्रायमरच्या आधी, ८० ने खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर बसते. लिंबाएवढ्या लांबीला मोठ्या शेंगदाण्याएवढा हार्डनर (वजनात शंभराला दोन) घ्या आणि रंगाची एकही रेघ दिसणार नाही इतकं घोटा. उन्हाळ्याच्या तोंडावर ती पाच मिनिटांत घट्ट होते, म्हणून एका वेळी एकाच पोच्यापुरती करा. हार्डनर जास्त झाला तर त्याचा डाग वरच्या रंगातून फुटतो. कमी झाला तर लांबी आतून मऊ राहते.

लांबी पाण्याने घासायची नाही, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. ती स्पंजासारखं पाणी पिते, वरून रंग बसला की उन्हात ते पाणी वाफ होऊन फोड येतात. आधी ८०, मग १२० चा सुका कागद, नाकावर मास्क. कागदाखाली धरायला जुन्या हवाई चपलेच्या तळाचा तुकडा घ्या. हात थेट लावला तर बोटांच्या जागी खळगे पडतात. पोचा भरला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. तळहात सपाट फिरवा, डोळे मिटून फिरवलात तर अजून चांगलं.

बाकी सगळी गाडी २२० आणि मग ४०० च्या ओल्या कागदाने मंद होईपर्यंत घासा. कागद आधी पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा, बादलीत साबणाचा थेंब टाका. कुठे चमक उरली असेल तर तिथे रंग धरणार नाही. दारांच्या आणि बॉनेटच्या कडांवर हात हलका, तिथे जुना रंग सगळ्यात पातळ असतो. लांबी आणि उघडा पत्रा प्रायमरने झाका, एक दिवस वाळू द्या, ४०० ने गुळगुळीत करा.

बंपर प्लॅस्टिकचे असतील तर त्यांना प्लॅस्टिकचा प्रायमर लागतो, नाहीतर पहिल्या धक्क्याला रंग सोलून निघेल. जमत नसेल तर बंपर काळेच ठेवा, वाईट दिसत नाहीत.

आता रंग. एक लिटर इनॅमलला पाव लिटर टर्पेंटाइनपासून सुरुवात करा. बासुंदीसारखा नको, म्हशीच्या दुधासारखा हवा. काडी बुडवून वर धरली की आधी धार आणि चार-पाच सेकंदांत थेंब. घट्ट राहिला तर संत्र्याच्या सालीसारखा दाणा दिसतो, फार पातळ झाला तर उभ्या दारावरून ओघळतो. जुन्या नायलॉन साडीच्या फडक्यातून गाळून घ्या, कारण एक गाठ अख्ख्या पॅनेलवर रेघ ओढते. पहिली चाचणी डिकीच्या आतल्या बाजूला.

काम सुरू करण्याआधी पार्किंगमध्ये सडा घाला, धूळ बसेल. संध्याकाळी ट्यूबलाइट लावून रंगवू नका, चिलटं सरळ ओल्या रंगात येऊन बसतात. छत, बॉनेट, डिकी, मग बाजू. एका वेळी दोन फुटी पट्टा: रोलर ट्रेमध्ये पूर्ण भिजवून निथळा, रंग लावा, दाब न देता एकाच दिशेने हलका फिरवा, आणि मागच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा जोडा. बारीक बुडबुडे येतात, ते बहुतेक मिनिटभरात फुटतात. राहिले तर जवळजवळ कोरड्या रोलरने नुसतं स्पर्शून जा. एकदा सोडलेल्या पट्ट्यावर पाच मिनिटांनी परत जाऊ नका. अर्धवट ओढलेला रंग रोलरला चिकटून उठतो.

पहिल्या हातानंतर गाडी भयंकर दिसेल. जुना रंग पट्ट्यापट्ट्यांनी डोकावतो आणि इथेच लोक घाबरून दुसरा हात जाड मारतात. जाड थराला वरून साय येते, खाली रंग ओला राहतो, आणि दोन दिवसांनी सुरकुत्या. रोज एक पातळ हात, मधे २४ तास. दर दोन हातांनंतर एक दिवस जादा थांबून ६०० च्या ओल्या कागदाने दाणा काढा, धुवा, पुसा. कागदावर चिकट गोळ्या जमायला लागल्या तर रंग अजून वाळलेला नाही, थांबा. असे सहा हात झाले की खालचं काही दिसत नाही. दोन हातांच्या मधे टेप सैल झाली तर बदला. शेवटच्या हाताला रंग चिकट असतानाच उलट्या दिशेने हळू ओढून काढा, कडक झाल्यावर काढली तर कडेचे तुकडे निघतात.

‘रंग ओला आहे’ अशी पाटी लावू नका. लावली की हात लावून खात्री करणारे वाढतात. नुसती दोरी बांधा.

टर्पेंटाइनचे फडके गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. इनॅमल लागलेले फडके ढिगात आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा. उरलेलं टर्पेंटाइन गटारात नको; बाटलीत ठेवलं तर दोन दिवसांत गाळ बसतो आणि वरचं रोलर धुवायला चालतं.

यानंतर निदान दोन आठवडे काहीच करायचं नाही. गाडी हळू चालवायला हरकत नाही. मग १००० च्या ओल्या कागदाने, कडांना टेप लावून, हलक्या हाताने दाणा काढा, त्यावर १५००, शेवटी २०००. गाडी सगळी मंद, खडूसारखी दिसेल, तशीच दिसायला हवी. मग कंपाउंड हाताने, फूटभर जागा एका वेळी. मशीन लावायचा मोह होतो, पण ती कडांवर क्षणात प्रायमरपर्यंत जाते. कंपाउंड सावलीत आणि गार पत्र्यावर.

महिनाभर कव्हर घालू नका, त्याची वीण रंगात उमटते. मेणाचं पॉलिशही महिन्यानंतरच. कबुतराची विष्ठा दिसली की लगेच पाण्याने भिजवून काढा, कोवळ्या इनॅमलवर एका दुपारीत डाग पडतो. दोन-तीन वर्षांनी छत परत फिकट पडलं तर कंपाउंडचा एक हात पुरतो. उरलेला रंग अर्ध्या डब्यात ठेवला तर त्यावर साय धरते. लहान काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरा, वर छटेचं नाव आणि बॅच नंबर लिहा, ओरखडे पडले की लागतोच.